बोर्डिंग स्कूलमधलं पोर आजारी पडलं तर बघणार कोण, पैसे भरणार कोण आणि सही करणार कोण

इंटरनॅशनल बोर्डिंग स्कूलला ॲडमिशन झाली की शाळेकडून एक भलीमोठी पीडीएफ येते, तिच्यात 'हेल्थ अँड इन्शुरन्स' असं एक प्रकरण असतं, आणि बहुतेक पालक ते वरवर चाळून, खाली सही ठोकून परत पाठवून देतात. शाळेत नर्स आहे, विमाही शाळाच काढून देते, मग आपण कशाला डोकं घालायचं, असा एकंदर हिशेब असतो. तो अर्धा बरोबर आहे. गोम अशी की नर्स म्हणजे विमा नव्हे, विमा म्हणजे उपचार नव्हेत, आणि दोन्ही असले तरी मोठं काही करायचं झालं तर सही करायला एक माणूस लागतोच. पोराला बघणार कोण, बिल भरणार कोण आणि 'करा' असं म्हणणार कोण, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या लोकांकडे असतात, आणि घोळ जो होतो तो नेहमी या तिघांच्या मधल्या फटीत होतो. कोणी वाईट असतं म्हणून नाही, प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा बघतोय.

आधी शाळेचं आरोग्य केंद्र. याला कुठे हेल्थ सेंटर म्हणतात, कुठे इन्फर्मरी, ब्रिटनमधली मुलं नुसतं 'सॅन' म्हणतात. इथे नर्स असतात, दोनचार खाटा असतात, डॉक्टर बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक दिवशी येतो. ताप, घसा, पोट बिघडणं, मुरगळलेला पाय, पाळीचं दुखणं, नाकातून रक्त, हे सगळं इथेच निभावतं आणि त्याचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. शाळेला विचारायचा खरा प्रश्न 'नर्स आहे का' हा नाहीच, 'रात्री दोन वाजता कोण असतं' हा आहे. काही शाळांत नर्स चोवीस तास असते, काहींत रात्री ती फक्त फोनवर असते आणि पोराजवळ असतात ते हाउसपेरंट, म्हणजे हॉस्टेलवर राहणारे शिक्षक, ज्यांना फर्स्ट एडचं ट्रेनिंग असतं पण ते नर्स नसतात. दोन्ही पद्धती चालतात, पण ज्याच्या मुलाला दमा किंवा मधुमेह आहे त्याला हे आधी माहीत हवं.

गोळ्यांचंही तसंच. घरी आपण पोराच्या बॅगेत औषधांची एक पिशवी भरून देतो आणि मनाला बरं वाटतं, शाळेत पोचल्यावर ती पिशवी पहिल्याच दिवशी काढून घेतात. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा पालकांनी फॉर्मवर परवानगी दिली असेल तरच नर्स देते आणि कधी, किती दिली ते लिहून ठेवते. याला अपवाद म्हणजे जीव वाचवणाऱ्या गोष्टी, दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीत टोचायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन-पेन, त्या मुलाच्या स्वतःच्या जवळ असायला हव्यात, कुलपात नाही. पेन एक नाही, दोन द्यायची, कारण काही वेळा पहिल्या डोसनं भागत नाही. इंग्लंडमध्ये शाळांना २०१४ पासून दम्याचा जादा पंप आणि २०१७ पासून ॲड्रेनालिनची जादा पेनं स्वतःकडे ठेवायची मुभा आहे, पण मुभा म्हणजे सक्ती नाही, तेव्हा विचारून घ्या.

आता पैसे. इथे पहिली गोष्ट ही लक्षात घ्यायची की 'परदेशातला विमा' अशी एकच एक वस्तू नसते, कुठल्या देशात शाळा आहे त्यावर सगळं फिरतं.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करताना इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्यांना तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पाउंड आहे, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे एकदम, आधीच. त्यानंतर मूल तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, तिथल्या मुलांसारखंच जातं, शाळा त्याचं नाव जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदवते, हॉस्पिटलचं बिल हातात पडत नाही. पण ही पॉलिसी नाही हे विसरू नका. सुट्टीत मूल तिसऱ्याच देशात गेलं आणि पाय मोडला, किंवा आजारी मुलाला घरी आणायचं झालं, तर एनएचएस काही देणार नाही. त्यासाठी वेगळा विमा.

ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसासाठी ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर, थोडक्यात ओएसएचसी, सक्तीचं आहे आणि ते पूर्ण मुक्कामाचं लागतं. त्यातली मेख म्हणजे आधीपासूनच्या आजाराला १२ महिने थांबावं लागतं, मानसिक आजार असेल तर २ महिने. दात, चष्मा, फिजिओ हे सहसा त्यात नसतं.

अमेरिकेत तर गंमत आहे. बोर्डिंग स्कूलला जाणारी बहुतेक मुलं एफ-१ व्हिसावर असतात आणि त्या व्हिसाला आरोग्य विम्याची केंद्र सरकारची अट नाहीच. एक्स्चेंज प्रोग्रॅमच्या जे-१ व्हिसाला मात्र आहे, एका आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं कव्हर, आजाऱ्याला हलवण्यासाठी ५० हजार, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार, आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, एका आजाराला ५०० डॉलरच्या वर नको. एफ-१ ला सरकारची सक्ती नसल्यामुळे शाळाच स्वतःची सक्ती करतात. शाळेचा प्लॅन घ्या, नाहीतर तुमचा स्वतःचा तितक्याच तोलाचा आहे हे दाखवून वेव्हर, म्हणजे सूट, घ्या. वेव्हरला तारीख असते, ती हुकली की शाळेच्या प्लॅनचे पैसे आपोआप फीच्या बिलात लागतात, मग तुमच्याकडे दुसरा कितीही भारी विमा असो.

स्वित्झर्लंडमध्ये राहायला आल्यापासून तीन महिन्यांच्या आत विमा घ्यावा लागतो, विद्यार्थ्यांना समकक्ष विमा दाखवून सूट मिळवता येते पण ती कँटन, म्हणजे तिथलं राज्य, देतं, शाळा नाही. तिथल्या बेसिक विम्यात १८ वर्षांखालच्यांना वार्षिक डिडक्टिबल नसतं, बिलाचे १० टक्के स्वतः भरायचे, तेही वर्षाला ३५० फ्रँकपर्यंतच. ऐकायला झकास आहे, पण डोंगरातून सुटका करून आणायच्या खर्चाचा अर्धाच भाग त्यातून मिळतो, तोही वर्षाला ५ हजार फ्रँकपर्यंत. जिथे हिवाळ्यात अख्खी शाळा स्कीइंगला जाते तिथे हे वाक्य दोनदा वाचायला हवं.

एक फरक मात्र कुठल्याही देशाचा असो, पक्का डोक्यात ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि हेल्थ इन्शुरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅव्हल पॉलिसीचं काम आणीबाणी निभावून नेण्यापुरतं असतं, पोर सावरलं, प्रवास करण्याजोगं झालं की तिची जबाबदारी बरीचशी संपते, पुढचा फॉलोअप, फिजिओथेरपी, सहा महिन्यांनी प्लेट काढणं, हे तिच्या हिशेबात बसत नाही. शिवाय वार्षिक ट्रॅव्हल पॉलिसीतही एका ट्रिपला कमाल दिवसांची मर्यादा असते, आणि शाळेचं सत्र त्या मर्यादेच्या बाहेर कधी गेलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. स्वस्त पडते म्हणून पोराला वर्षभरासाठी ट्रॅव्हल पॉलिसीवर पाठवणारे लोक आहेत, त्यांना मी तरी शहाणे म्हणणार नाही.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग सावकाश बघू. अमेरिकेतली शाळा, शनिवारची संध्याकाळ, फुटबॉलची मॅच, पंधरा वर्षांची मुलगी पळता पळता पडते आणि सावरायला हात पुढे टाकते. मनगट सुजलं, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबलं की कळ जाते. नर्स बघते, पट्टी बांधते, बर्फ लावते आणि म्हणते एक्स-रे काढायला हवा. इथपर्यंत पैशाचा प्रश्न नाही. आता जायचं कुठे? इमर्जन्सी रूम की अर्जंट केअर सेंटर? जिवाला धोका नसेल तर अर्जंट केअर बरंच स्वस्त पडतं, आणि कित्येक पॉलिसींमध्ये तर साध्या गोष्टीसाठी इमर्जन्सी रूमला गेलात म्हणून वेगळा को-पे, म्हणजे तुमच्या खिशातून द्यायची ठरावीक रक्कम, लावतात. दुसरा प्रश्न, ते सेंटर विमा कंपनीच्या नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी करार असलेलं, आहे का. हे शनिवारी संध्याकाळी शोधायचं नसतं, शाळेच्या नर्सला तोंडपाठ असतं, आणि नसेल तर ते सप्टेंबरमध्येच विचारून कागदावर लिहून घ्यायचं असतं.

शाळेचा माणूस मुलीबरोबर जातो. काउंटरवर तीन गोष्टी मागतात, मुलीचं ओळखपत्र, विम्याचं कार्ड आणि पालकांची संमती. कार्ड म्हणजे पॉलिसीचं ४० पानी डॉक्युमेंट नाही, त्या छोट्या कार्डवर मेंबर नंबर, ग्रुप नंबर आणि हॉस्पिटलनं फोन करायचा नंबर असतो, त्याचे पुढून मागून फोटो मुलीच्या फोनमध्ये, नर्सकडे आणि तुमच्याकडे असले म्हणजे झालं. एक्स-रे निघतो आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्या खळग्यापाशी स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड असतं, त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, म्हणून डॉक्टर संशयावरच स्प्लिंट बांधतात आणि १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे काढायला बोलावतात. या हाडाला रक्तपुरवठा मुळातच कमी, चीर दुर्लक्षित राहिली तर ते जुळतच नाही आणि पुढे ऑपरेशनची पाळी येते. म्हणजे इथे महत्त्वाची भेट पहिली नाही, दुसरी आहे. आणि वर म्हटलं त्या नुसत्या ट्रॅव्हल पॉलिसीवर नेमकी हीच दुसरी भेट अडकते, कारण ती इमर्जन्सी नसते.

आता बिल. समजा सगळं मिळून ४,००० डॉलर झाले. पॉलिसीचं डिडक्टिबल २५० डॉलर, म्हणजे पहिले २५० तुमचे. राहिले ३,७५०. को-इन्शुरन्स, म्हणजे उरलेल्या बिलातला तुमचा वाटा, २० टक्के असेल तर त्यातले ७५० तुमचे आणि ३,००० कंपनीचे. तुमच्या खिशातून एकूण १,००० गेले. तेच सेंटर नेटवर्कबाहेरचं असतं आणि तिथे तुमचा वाटा ४० टक्के असता तर १,५०० अधिक २५०, म्हणजे १,७५०. वर आणखी एक पाचर असते, कंपनी म्हणते या एक्स-रेचा 'वाजवी' दर अमुक, सेंटरनं लावला त्यापेक्षा जास्त, वरचा फरक तुम्ही भरा. याच्या उलट एक दिलासाही असतो, आउट-ऑफ-पॉकेट मॅक्झिमम, म्हणजे वर्षभरात तुमच्या वाट्याचे एवढे भरून झाले की कव्हर असलेल्या बाबतीत पुढचं सगळं कंपनी भरते. पॉलिसी घेताना लोक प्रीमियम बघतात आणि कव्हरचा मोठा आकडा बघतात, बघायचा असतो तो हा मधला आकडा.

बरं, बिल एक येत नाही. सेंटरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं वेगळं, हाडांच्या डॉक्टरचं वेगळं, आणि ती येतात काही आठवड्यांनी, जेव्हा सगळे ती मॅच विसरलेले असतात. त्याच्या आसपास विमा कंपनीचा एक कागद येतो, एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स, त्यावर आकडे असतात आणि 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं, तरी काही लोक घाबरून त्यावरचे पैसे भरतात. भरू नका, आधी बिलाशी ताडून बघा. आणखी एक पत्र येतं ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, ॲक्सिडेंटचा फॉर्म. मनगटाला इजा म्हटलं की कंपनी विचारते हे कसं झालं, कुठे झालं, दुसरा कुठला विमा याला लागू होतो का. याचं उत्तर गेलं नाही की क्लेम लटकतो, पुढे 'माहिती मिळाली नाही' म्हणून नामंजूर होतो. आणि पत्ता कुठला दिलेला असतो? शाळेचा. म्हणजे ते पाकीट त्या मुलीच्या मेलबॉक्समध्ये पडतं, ती ते न उघडता टेबलाच्या खणात सरकवून देते, आणि तिला बोलण्यात अर्थ नाही, पंधरा वर्षांच्या पोरीनं विमा कंपनीची पत्रं का वाचावीत? विम्याच्या पोर्टलला स्वतःचा ईमेल जोडून घ्या, पेपरलेसवर टिक करा, अर्धी भानगड तिथेच मिटते.

ज्या देशांत कॅशलेस चालतं तिथे कंपनी हॉस्पिटलला गॅरंटी लेटर पाठवते, बाकी ठिकाणी आधी तुम्ही भरायचं आणि मग मागायचं. त्यासाठी शाळा बरेचदा सुरुवातीलाच एक डिपॉझिट घेऊन ठेवतात, औषधं, टॅक्सी, छोटी बिलं त्यातून जातात. यात लबाडी काही नाही, फक्त पावत्या मागून घ्या, कारण पावतीशिवाय क्लेम नाही आणि कार्ड मशिनची स्लिप म्हणजे पावती नाही, तिच्यावर निदान आणि उपचार लिहिलेले नसतात. ॲडमिट करायची वेळ आली, किंवा आधीपासून ठरवलेलं ऑपरेशन असेल, तर कंपनीची पूर्वपरवानगी लागते. इमर्जन्सीत आधी विचारत बसायचं नसतं पण २४ ते ४८ तासांत कळवा अशी अट सहसा असते. कोण कळवणार, शाळा की तुम्ही? हेच ते, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं कळवलं.

आता आरोग्याच्या फॉर्मकडे येऊ, जिथे मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि तो पालकांचा येतो. मुलाला लहानपणी फिट आली होती, मुलगी मागच्या वर्षी डिप्रेशनसाठी औषधं घेत होती, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा त्रास आहे, हे फॉर्ममध्ये लिहायचं नाही, का तर ॲडमिशन जाईल किंवा प्रीमियम वाढेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार आहे हा. शाळेच्या फॉर्मवर लपवलंत तर रात्री दोन वाजता फिट आल्यावर हाउसपेरंटला कळणार नाही की हे काय चाललंय. विम्याच्या फॉर्मवर लपवलंत तर मोठा क्लेम आला की कंपनी जुने कागद मागते, आणि लपवलेलं सापडलं की तो क्लेम तर जातोच, कधी अख्खी पॉलिसी रद्द होते. आणि एका फॉर्मवर लिहायचं, दुसऱ्यावर नाही, ही चलाखी तर मुळीच करू नका, दोन्ही कागद एकाच हॉस्पिटलच्या फाइलमध्ये समोरासमोर येतात.

औषधं लिहिताना ब्रँडचं नाव लिहून उपयोग नसतो, देश बदलला की ब्रँड बदलतो, कधीकधी औषधाचं मूळ नावही बदलतं. जगात बहुतेक ठिकाणी ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात ते अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनालिन तिथे एपिनेफ्रिन. मूळ नाव, डोस, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, एवढं डॉक्टरकडून लेटरहेडवर घ्या. एडीएचडीच्या काही औषधांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेलं ॲडरॉल प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाही, दुसऱ्या काही औषधांना आधी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर बघा, आणि संपलेलं औषध कुरियरनं पाठवायचा विचार सोडा, कस्टममध्ये अडकतं आणि पार्सलवर नाव पोराचं असतं.

लसींचे कागद हा त्यातलाच एक कंटाळवाणा पण अडवणारा भाग. गोवर, गालगुंड, रुबेलाची एमएमआर दोन डोस, मेंदूज्वराची मेनिंगोकोकल लस, कारण एका खोलीत, एका इमारतीत राहणाऱ्या पौगंडातल्या मुलांत तो झपाट्यानं पसरू शकतो. तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा, ०३/०४ म्हणजे एका देशात तीन एप्रिल आणि दुसऱ्यात चार मार्च, आणि दोन डोसमधलं अंतर त्यामुळे कमी दिसलं तर पोराला परत टोचतात. टीबीच्या तपासणीत आणखी एक गंमत असते. ज्यांना जन्मल्यावर बीसीजी दिलेली आहे त्यांची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह दिसू शकते, मग एक्स-रे, मग कागद, मग मनस्ताप. आयजीआरए नावाची रक्ताची चाचणी असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, शाळा चालवून घेत असेल तर सरळ तीच करा.

आणि आता सही. १८ वर्षांखालच्या मुलावर उपचार करायला सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते. डॉक्टर सहीसाठी थांबून राहतील अशी भीती बाळगू नका, जीव वाचवायचा असेल तर ते संमतीसाठी थांबत नाहीत. प्रश्न येतो तो मधल्या केसेसमध्ये, अपेंडिक्स आहे, दोनचार तासांत ऑपरेशन करायचंय, भूल द्यायचीय, आणि तुमच्याकडे पहाटेचे चार वाजलेत, फोन सायलेंटवर. म्हणून शाळा आधीच संमतीपत्र घेऊन ठेवते आणि त्यात लिहिलेलं असतं की संपर्क झाला नाही तर शाळेचा अमुक अधिकारी किंवा स्थानिक गार्डियन हो म्हणू शकतो. हा कागद नीट वाचा, सगळ्या कागदांत खरा वाचण्यासारखा हाच. गार्डियनला तो अधिकार लेखी दिलाय की नुसतं नाव टाकलंय? आई आणि बाबा वेगळे राहत असतील तर दोघांपैकी कोणाची सही चालते? रात्री वाजेल असा एक नंबर शाळेला द्या आणि तो फोन खरंच चालू ठेवा.

इंग्लंडमध्ये यात एक वेगळंच वळण आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे १६ वर्षांचं मूल स्वतःच्या उपचाराला स्वतः संमती देऊ शकतं, आणि १९८५ च्या गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, असं ठरवलं की १६ पेक्षा लहान मूलही, त्याला गोष्ट नीट समजत असेल तर, देऊ शकतं. म्हणजे तुमची १५ वर्षांची मुलगी शाळेच्या डॉक्टरशी काही बोलली आणि म्हणाली घरी सांगू नका, तर डॉक्टर आधी तिला घरी सांगायला समजावतील, पण तिला धोका नसेल तर तुम्हाला न सांगण्याचा त्यांना अधिकार आहे. पालकांना हे झोंबतं. माझं मत विचाराल तर हे बरं आहे, घरापासून हजारो मैलांवर असलेलं पोर निदान कोणाशी तरी मोकळं बोलेल.

मनाच्या आजारांबद्दल विमा कंपन्या अजूनही हात आखडता घेतात. शाळेचा काउन्सेलर फुकट असतो पण तो उपचार करणारा सायकॅट्रिस्ट नसतो, बाहेरच्या थेरपिस्टच्या सेशन्सवर पॉलिसीत वर्षाची मर्यादा असते, आणि काही पॉलिसी तर स्वतःला करून घेतलेल्या इजेचा खर्चच नाकारतात. ते एक्सक्लूजन तुमच्या पॉलिसीत असेल तर ती बदला, इतकं स्पष्ट. शिवाय शाळा मुलाला काही काळ मेडिकल लीव्हवर घरी पाठवू शकते, त्या काळाची फी परत मिळत नाही, त्यासाठी फी रिफंडचा वेगळा विमा असतो, हवा असेल तर सत्र सुरू होण्याआधी घ्यावा लागतो.

खेळ. 'स्पोर्ट्स कव्हर्ड' एवढ्यावर खूश होऊ नका. शाळेच्या मैदानावरचा खेळ वेगळा, स्पर्धेतला वेगळा, रग्बीसारखा अंगाला अंग भिडणारा वेगळा, ठरलेली वाट सोडून केलेलं स्कीइंग तर बरेचदा वगळलेलंच असतं. डोक्याला मार बसून कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा, संशय असेल तर ब्रिटनच्या एप्रिल २०२३ च्या सरकारी सूचनांनुसार किमान २१ दिवस स्पर्धेत उतरायचं नाही, म्हणजे फायनल असली तरी नाही, आणि कोचशी यावरून हुज्जत घालणारे पालक असतात म्हणून सांगतेय.

सुट्ट्यांचं दोन वाक्यांत सांगायचं तर, पॉलिसीला हद्द असते. 'अमेरिका सोडून जगभर' ही पॉलिसी मित्राच्या घरी न्यूयॉर्कला गेलेल्या पोराला काही कामाची नाही, आणि मूल सुट्टीला स्वतःच्या घरी आलं तर तिथे कव्हर किती दिवस आणि कशाला, हे वेगळं लिहिलेलं असतं. मेडिकल इव्हॅक्युएशन या मोठ्या शब्दाबद्दलही गैरसमज असतो. त्याचा अर्थ विमान येऊन पोराला तुमच्याकडे आणून सोडेल असा नाही, जवळच्या ज्या हॉस्पिटलात उपचार होऊ शकतात तिथे नेणं इतकाच. घरी आणणं म्हणजे रीपॅट्रिएशन, आणि दोन्हींचा निर्णय कंपनीचे डॉक्टर घेतात. तुम्ही स्वतःच विमान ठरवलंत तर बिल तुमचंच.

शेवटच्या वर्षी दोन तारखांकडे बघा. एक, मुलाचा अठरावा वाढदिवस. त्या दिवसापासून बहुतेक देशांत त्याच्या तब्येतीची माहिती तुम्हाला आपोआप मिळत नाही, त्यानं लेखी परवानगी दिली तरच डॉक्टर आणि विमा कंपनी तुमच्याशी बोलतात, तेव्हा तो फॉर्म वाढदिवसाच्या आधीच त्याच्याकडून भरून घेऊन ठेवा. दुसरी, पॉलिसी संपायची तारीख. बऱ्याच ठिकाणी शाळा जूनमध्ये संपते, कॉलेजचा विमा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो, मधले दोन महिने पोर उघड्यावर, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात ते मित्रांबरोबर बॅग पाठीला लावून भटकायला निघालेलं असतं. शाळा सोडताना हेल्थ सेंटरमधून लसींसकट सगळ्या नोंदींची प्रत आणि कंपनीकडून कव्हर किती तारखेपर्यंत होतं याचं पत्र मागून घ्या, पुढची कंपनी वेटिंग पीरियड कमी करताना ते बघू शकते. आणि जुन्या क्लेमची मुदत पॉलिसीबरोबर संपत नाही, ती उपचाराच्या तारखेपासून मोजतात, किती दिवसांची ते पॉलिसीत लिहिलेलं असतं, तेव्हा खणातली ती न उघडलेली पाकिटं रद्दीत जायच्या आधी एकदा उघडून बघा.